दोन विमानांची वही

गौसियाबीनं मोबाईल डोळ्यांसमोरून खाली घेतला, तेव्हा विमानतळाच्या जाळीपलीकडचा पहारेकरी तिच्याकडंच पळत येत होता. तिला पळायचं काही कारण नव्हतं. पिशवीतून वही काढून ती कडुलिंबाखाली बसली आणि विमानाचा फोटो बोटांनी मोठा करू लागली.

अर्ध्या तासात जीप आली. फौजदार उतरला, आणि मागून नीरजा उतरली. झडती बाईमाणसाची, म्हणून बाई शिपाई आणली होती. गौसियाबीला पाहून नीरजाचं तोंड उतरलं. लग्नात तिच्या हातात हिरवा चुडा याच बाईनं भरला होता, आणि चुडा भरून झाल्यावर मांडवात सगळ्यांदेखत नीरजा तिच्या पाया पडली होती.

"घे ना पोरी," हात पसरून उभी राहत गौसियाबी म्हणाली. "तुह्या नोकरीचं काम हाय. लाजायचं ते मी लाजीन."

पिशवीत निघालं काय, तर बांगड्यांचे दोन डबे, भाकरीचं फडकं आणि लिहून परत ठेवलेली ही वही. फौजदारानं बांगड्या बाजूला सारल्या, वही उघडली आणि एकदम ताठ झाला. पोलिसाला रकाने दिसले की पुरावा दिसतो. तारीख, विमानाचा नंबर, उतरल्याची वेळ, उडाल्याची वेळ, वारा कुठून. सात वर्षांच्या नोंदी होत्या, आणि अक्षर मोत्यासारखं.

कुणी लिहिलं, असं त्यानं विचारलं. माझ्या पोरानं, मोईजनं, असं तिनं सांगितलं. मोईज कुठं आहे, तर गावात, उंद्रीच्या कबरस्तानात. शाळेत होता तेव्हापासून विमानं पाहायला इथं यायचा. दीड वर्षामागं याच रस्त्यावर ट्रकनं उडवला. हे तिनं डोळ्याला पदर न लावता सांगितलं. परक्यासमोर रडायची तिला सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायचीही नव्हती.

फौजदाराला एक कोडं सुटेना. शिकाऊ वैमानिकांची इथं दोनच विमानं. तेच दोन नंबर रोज रोज कशाला लिहायचे?

"तुमी ठाण्यात रोज हजेरी घेता का नाही? माणसं तर तेच राह्यते."

नीरजानं मान खाली घालून हसू गिळलं. फौजदार हसला नाही. तो पुढची पानं उलटत होता. दीड वर्षामागं अक्षर बदललं होतं. जाड, वाकडं, एकेक अक्षर घराएवढं. वेळेच्या रकान्यात आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या. कुठं एक, कुठं दोन. ही कसली खूण, म्हणून तो खेकसला.

एक रेघ म्हणजे दुपारच्या, जोहरच्या अजानच्या आधी, दोन म्हणजे नंतर, असं ती म्हणाली. "घड्याळ त्याच्यासंगच फुटलं, साहेब."

मग तिनं बाकीचंही सांगून टाकलं. शाळा दुसरीपर्यंत. तारखेपुरते आकडे येतात, इंग्रजीचं नाव नको. विमान समोरून निघून जातं तेवढ्यात तिचं लिहून होत नाही. म्हणून आधी फोटो काढायचा, मग तो मोठा करून जे अक्षर दिसेल ते मेंदीच्या नक्षीसारखं तसंच्या तसं वहीत उतरवायचं. दर बाजाराच्या दिवशी बांगड्या विकायला येते, तेव्हा आधी हे काम. पोरगं वही अर्धी टाकून गेलं. ती भरून दिली की आपण मोकळे, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"चाची, हे खाली काय काढलं?" नीरजानं एका ओळीवर बोट ठेवलं. "तुमच्या प्रत्येक पानावर आहे."

"विमानाचं नाव हाय ते. मोईज नुसता नंबर लिहे. त्याच्यापरीस एक रकाना जास्तीचा हाय माह्या."

फौजदारानं वही जवळ घेतली, ओळ वाचली, आणि वर पाहिलं. जाळीवर फलक होता. त्यातली मराठी ओळ उन्हानं उडाली होती, इंग्रजी तेवढी शाबूत होती. फोटोत विमानासोबत हाच फलक येत होता.

"नाव नाही हो बाई ते. इथं फोटो काढायला मनाई आहे, असं लिहिलंय. दीड वर्ष तुम्ही तेच लिहिताय."

गौसियाबीनं फलकाकडं पाहिलं, मग वहीतल्या त्या ओळीकडं.

"म्हंजे वही म्या नासवली," ती म्हणाली. मग पदर सावरून फौजदारासमोर आली. "साहेब, त्यानं एक बी फोटो नाही काढला कधी. त्याले वाचता येत होतं. गुन्हा माह्या हाय. त्याच्या नावावर काही लिहू नका."

फौजदाराचा आवाज उतरला. पण विमानतळावरून वरपर्यंत फोन गेले होते. मोबाईल आणि वही जप्त करावीच लागणार होती. चौकशी झाली की परत मिळेल, असं तो म्हणाला. किती दिवसांनी, ते त्यालाही सांगता येईना.

पहारेकऱ्याला पंच म्हणून उभं केलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून नीरजा पंचनामा लिहू लागली. वही एक. लिहिलेली पानं तिनं मोजली आणि आकडा मांडला.

"कोरे बी मोज," गौसियाबी म्हणाली.

कोरी पानं पंचनाम्यात घेत नाहीत, असं नीरजानं हळूच सांगितलं.

"मोज पोरी. ते बी त्याचेच हायत."

नीरजानं फौजदाराकडं पाहिलं. तो धावपट्टीकडं तोंड करून उभा होता. तिनं अंगठा जिभेला लावला आणि पहिलं कोरं पान उलटलं.