कर्नलसाहेबांची ट्रंक

कोटाच्या खिशात शेवेचं रिकामं पाकीट. डॉक्टरांनी तर मीठही तोडलेलं.

शांतिसेनेची निळी टोपी. परक्या देशातल्या उन्हाने एका बाजूला राखाडी झालेली.

किल्ल्यांचा जुडगा, त्याला घुंगरू. "बाबा, हे बैलाला बांधतात. हरवू नये म्हणून." "बैल परवडला. किल्ल्या हाक मारून येत नाहीत."

"हुकूम कागदावर चालतो. प्रत्यक्षात सवय लावावी लागते." दर रविवारी, जेवताना.

देवळ्याहून पहिल्या एसटीने आलेली एक बाई.

यातलं काहीही त्या सकाळी आल्हादच्या डोक्यात नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त कावळा होता.

रामकुंडावर वडिलांचे पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे पलीकडच्या देवळाच्या कळसावर बसले होते, पंगत उठल्यावर माणसं ओट्यावर टेकतात तसे. घाटावर पिंडांना तोटा नव्हता, त्यामुळे भुकेलं कुणीच दिसत नव्हतं.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. "मोकळ्या मनाने बोलून बघा."

आल्हादने हात जोडले. "आईला एकटं ठेवणार नाही, बाबा."

कावळे हलले नाहीत.

"तुमच्या कुंड्यांना पाणी घालीन. रोज."

एका कावळ्याने पाठ फिरवली.

धाकटी बहीण आभा शेजारीच उभी होती. कॉलेजात इतिहास शिकवायची. "दादा," ती हळूच म्हणाली, "कुंड्यांसाठी कुणी अडून बसतं का रे? काय हवंय ते तुला माहीत आहे."

"इथे नको, आभा."

माहीत होतंच. गेल्या पाडव्याला कर्नल गंगाधर गायधनींनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. शांतिसेनेच्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तहाची बोलणी चालू होती आणि छावणीबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं होतं. तरी त्यांनी हाताखालच्या नाईक कारभारीला गुपचूप पाठवून ओलीस धरलेले डॉक्टर सोडवून आणले. त्यात गोळीबार झाला, माणसं मेली. बोलणी मोडू नयेत म्हणून वर कळवलं गेलं, की कारभारी स्वतःच्या मर्जीने गेला. त्याची नोकरी गेली. कर्नलसाहेबांच्या सहीचा मूळ हुकूम मात्र घरी काळ्या ट्रंकेत राहिला.

ऐकून आल्हाद म्हणाला होता, "काळजी करू नका बाबा. हे कधी बाहेर जाणार नाही."

कर्नलसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले. परत आले की बोटांना शेवेचा वास. "गुडघे धरून जॉगिंग?" आभा चिडवायची. "ट्रॅकवर फरसाणाचं दुकान निघालंय वाटतं!"

शेवटी हॉस्पिटलात त्यांनी जुडगा आभाला न देता आल्हादच्या मुठीत ठेवला. त्याचा अर्थ आल्हादला लख्ख कळला. ट्रंक मिटलेलीच राहू दे. आभाने पुण्याच्या अभिलेखागाराशी बोलून ठेवलं होतं, पण किल्ल्या मागायची तिला सोय उरली नाही. दुखवट्याच्या घरात वाजायला नको म्हणून आल्हादने जुडगा रुमालात घट्ट बांधला. आजही तो तसाच पिशवीत होता.

"दर्भाचा कावळा करू का?" गुरुजींनी विचारलं. "शास्त्राला चालतं."

"थांबा जरा," आल्हाद म्हणाला. बाबांना गवताच्या कावळ्यावर भागवायचं, हे त्याच्याने होईना.

तेवढ्यात मागे उभी असलेली बाई पुढे आली. डोक्यावर पदर, हातात चपला.

"मी बायडाबाई. कारभारीची. आभाताईंनी कळवलं सायेब गेल्याचं."

आल्हादने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने नदीकडे.

"भांडाया नाय आले, दादा. सायबांवर राग नाय माझा. दर दिवाळीला घरी यायचे, ओसरीवर बसायचे, च्या घ्यायचे. बोलायचे मात्र काय नाय."

"काकू, आत्ता..."

"माझा माणूस बिनहुकमाचा गेला न्हवता. मरेस्तोवर सांगत राह्यला. गावानं शेवटपर्यंत बिनहुकम्याच म्हनलं त्याला. मी हाय तवर भांडंन. मी गेल्यावर कोन सांगंल?"

आल्हादने पिंडांकडे पाहिलं. भात वाळून वर पापुद्रा धरला होता. बाप ओसरीवर बसून काय गिळत असेल, ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं. चहा नक्कीच नसेल.

त्याने पिशवीतून रुमाल काढला. गाठ ओली होऊन आवळली होती, दातांनी सोडवावी लागली.

"बाबा," तो म्हणाला, "ट्रंक आभाला देतो. कागद सगळ्यांना बघू देत. तुमच्या सहीसकट."

त्याने जुडगा बहिणीच्या हातावर ठेवला. किती तरी दिवसांनी घुंगरू वाजलं.

कळस एकदम रिकामा झाला. पंखांचा फडफडाट डोक्यावरून गेला आणि एक नाही, पाच-सहा कावळे पिंडांवर उतरले. भात चहूकडे उडाला. एक तर आल्हादच्या पायाशी येऊन मान तिरकी करून बघत राहिला.

"शिवला!" गुरुजींनी हात जोडले. "असा शिवलेला मीही फार वेळा पाहिला नाही हो."

बायडाबाई तिथेच पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. आभा रडता रडता हसत सुटली. "कर्नल ते कर्नलच. जाता जाता तुला हुकूम मानायला लावला."

आल्हादही हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला सपाटून भूक लागली होती.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कर्नल गायधनी एकदाही गेले नव्हते. पाडव्यानंतर रोज सकाळी ते रिक्षाने रामकुंडावर येत, आधी जुडग्याचं घुंगरू वाजवत, आणि मगच कावळ्यांना शेव टाकत.