कुंपणापलीकडचं हरीण

हार्लननं दार ठोठावलं तेव्हा त्याच्या हातात धनुष्य होतं आणि पाठीला बाणांचा भाता. दार क्लाइडनं उघडलं, त्याच्या धाकट्या भावानं. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि दोन घरांच्या मध्ये होतं काय, तर कमरेइतकं कुंपण.

"हरीण तुझ्या आवारात आलंय. बाण लागलेलं," हार्लन म्हणाला. "शोधायला येऊ का?"

कायदाच तसा होता. जखमी हरणामागेसुद्धा दुसऱ्याच्या जागेत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

भांडण एवढंच, की क्लाइडनं दोरी ओढणं सोपं करणारं, चाकांचं नवं धनुष्य आणलं आणि हार्लन चारचौघांत म्हणाला, "मग बंदूकच घे की." क्लाइडनं शिकार सोडली, बोलणंही सोडलं. हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आता क्लाइडचं घर विकलं गेलं होतं. सोमवारी तो लेकीकडे ॲरिझोनाला निघणार होता, कायमचा. त्याच्यामागे बांधलेली खोकी दिसत होती.

हार्लनचं साऱ्या गल्लीला कौतुक होतं आणि ते रास्तच होतं. धनुष्य एका लाकडातून स्वतः तासलेलं. हंगामाला टर्कीची पिसं लावून सहाच बाण करायचा, सातवा नाही. मुलांच्या घसरगुंड्या आणि उभ्या गाड्यांच्या मधल्या ओकच्या झाडावर तासन् तास बसायचा, पण हरीण पंधरा पावलांवर आल्याशिवाय दोरी ओढायचा नाही. चाळीस वर्षांत त्याचं एकही हरीण वाया गेलं नाही. आणि बाणाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता.

क्लाइडनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर भात्यापाशी जराशी थांबली.

"तू कुंपणाकडून बघ," तो म्हणाला. "मी शेडमागं बघतो."

हार्लननं वाकून पान न् पान पाहिलं. पंधरा मिनिटांनी शेडमागून हाक आली. क्लाइड डावा हात खिशात घालून उभा होता. त्याच्या पायाशी मेपलच्या पानावर रक्ताचा थेंब होता.

"काळपट आहे," क्लाइड म्हणाला. "यकृतात लागलाय."

यकृतात बाण लागलेल्या हरणामागे लगेच जायचं नसतं. ते कुठंतरी शांत पडेपर्यंत थांबायचं, निदान चार तास. हे क्लाइडला हार्लननंच शिकवलं होतं.

हार्लननं वाकून तो थेंब जवळून पाहिला.

"चार तास," तो म्हणाला.

"मग थंडीत कशाला उभा राहतोस? आत ये. किटली अजून खोक्यात गेली नाहीये."

हार्लननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाता ठेवला. कप काढायला क्लाइडला खिशातला हात बाहेर काढावा लागला. अंगठ्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला होता आणि त्यावर लाल डाग पसरत होता. त्यानं कॉफी ओतली, आणि सहाच्या सहा बाणांसकट भाता बाजूला सारून भावाच्या कपासाठी जागा केली.