पहिली गोळी

"पहिली गोळी तुले कोणी दिली, बेटा?" उपनिरीक्षक हर्षा तायडे यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

श्रावणी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. सतरा वर्षांची पोर. शेजारच्या खुर्चीत तिची आई, अ‍ॅडव्होकेट अनुपमा. अमरावतीच्या त्या ठाण्यात मुलांच्या जबाबासाठी वेगळी खोली होती. भिंतीवर ससे आणि फुगे काढलेले. तायडेबाई नियमाप्रमाणे साध्या ड्रेसमध्ये होत्या.

काल कोचिंग क्लासमध्ये श्रावणीनं आपल्या मैत्रिणीला, इशिताला, झोपेच्या दोन गोळ्या दिल्या होत्या. टेस्टचं टेन्शन जातं म्हणून. इशिता जिन्यावरून कोसळली. डोक्याला सात टाके पडले, पण संध्याकाळी ती शुद्धीवर आली आणि तिनं नाव सांगितलं. श्रावणीच्या बॅगेत आणखी तीन स्ट्रिपा निघाल्या.

"तुह्यावर केस करायची म्हणून नाई विचारून राहिली मी. देणारा कोण, ते पायजे मले."

देणारा. ते कलम अनुपमानं कोर्टात कितीदा वाचून दाखवलं होतं. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अल्पवयीन मुलाला नशेचं औषध देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. येताना ऑटोत तिनं श्रावणीला हळूच सांगितलं होतं, मेडिकलवाल्याचं नाव घे, पुढे काही बोलू नकोस.

"मेडिकलमधून," श्रावणी म्हणाली. पाठ केल्यासारखं.

अनुपमा पाणी प्यायला बाहेर आली. बाकावर पंजाबराव बसले होते, त्यांच्या कॉलनीतले मेडिकलवाले. सकाळीच त्यांना दुकानातून उचलून आणलं होतं. ते उठून उभे राहिले.

"वकीलबाई, डॉक्टरची चिठ्ठी जुनी झालती. म्या पाह्यलं नाई. माह्या चुकीचं मी भोगीन." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पन चिठ्ठी तुमच्या नावाची होती. तुमीच पाठवत होत्या पोरीले. आता मले सांगा, त्या गोळ्यायतल्या तुमच्या कोनत्या अन् तिच्या कोनत्या, म्या कसं ओळखावं?"

अनुपमा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, लाज, भीती, काहीही, असं तिला कळत होतं. पण घरून निघताना तिनं स्वतः अर्धी गोळी घेतली होती. पंजाबरावांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द जरा उशिरा पोचत होते. हातातला पाण्याचा ग्लास तिनं न पिताच खाली ठेवला.

आत येऊन ती बसली.

"लिहा. पहिली गोळी मी दिली."

तायडेबाईंचा पेन थांबला. "मॅडम, तुमी वकील आहात. काय बोलून राहिल्या, समजून राहिलं ना? सनद जाईल तुमची."

"समजतंय. दहावीचा पेपर होता. तिला झोप येत नव्हती. माझ्यातली अर्धी दिली. मग ती मागायची आणि मी द्यायचे. पुढे ती स्वतःच आणायला लागली, ते मला कळलं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "कळलं होतं."

"डॉक्टरले विचारलं होतं?"

"नाही."

तायडेबाई लिहू लागल्या. श्रावणी अजून टेबलाच्या कडेकडेच बघत होती.

"पहिली गोळी दिली तेव्हा मुलीचं वय?" तायडेबाईंनी मान वर न करता विचारलं.

"पंधरा."

"चौदा," श्रावणी म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं आईकडे नजर वर केली होती. त्या नजरेत राग नव्हता. काहीच नव्हतं.

"नववीत होते मी. बाबांना स्मशानात नेलं त्या दिवशी. डॉक्टरकाकांनी तुझ्यासाठी गोळ्या ठेवल्या होत्या. घर माणसांनी भरलं होतं आणि मी रडायची थांबत नव्हते." ती एकसुरात सांगत होती, तारीख-वार सांगावा तशी. "तू म्हणालीस, घे, लोक बघताहेत."