पेडलमधला माणूस

गिटारला हात लावलेला नसतानाच केतकीच्या स्पीकरमधून कुणीतरी बोललं, “लिफ्ट चालू करू नका! मी अजून खाली आहे!”

केतकी दचकली. गिटारचा सूर फाडणारी, ताणणारी, घुमवणारी पेडलं एकमेकांना जोडून ती आपलं जगावेगळं संगीत रचत बसली होती. जुनं फझ पेडल अधूनमधून रेडिओ पकडायचं, हे तिला ठाऊक होतं. पण हा माणूस रडवेला झाला होता. “अरे, ऐकतंय का कुणी? मी खड्ड्यात आहे!”

इमारतीची लिफ्ट सकाळपासून दुरुस्तीला होती. पेडलने मेकॅनिकचा वॉकीटॉकी पकडलाय, हे तिच्या लक्षात आलं. ती अनवाणीच जिन्याकडे धावली. दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरली.

तळमजल्यावर डोंगरे वॉचमनचा हात मेन स्विचवर होता. तिने झडप घालून तो हात बाजूला ओढला.

“अहो ताई, काय झालं?”

“माणूस आहे खाली!”

डोंगरेंचा चेहरा पांढरा पडला. “त्याचा जोडीदार चहाला गेला. मला वाटलं, काम संपलं.”

दोघांनी लिफ्टचं दार सरकवून मेकॅनिकला वर घेतलं. तिथेच फरशीवर बसून त्याने घरी फोन लावला.

“काही नाही गं, सहज केला,” तो म्हणाला. “जेवलीस का?”