अडवलेली जागा

"कॉलेजचा पोरगा? मग नाय." बाईने दार लावलं आणि आतून कडीही घातली.

कान्हा ओट्यावरून उतरला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोपोलीत कारखाने आले, कॉलेज आलं, पण शिकायला येणाऱ्या पोराने रात्री पाठ कुठे टेकायची, याचा विचार कुणाच्या बापाने केला नव्हता. त्याचं गाव कशेळ्याच्याही पलीकडे, रोज ये-जा करणं अशक्य. जूनपासून तो स्टेशनच्या बाकावर झोपत होता आणि हवालदाराची काठी खात होता. दिवाळीपर्यंत जागा मिळाली नाही तर कॉलेज सोडून घरी ये, असं बापाने बजावलं होतं.

त्याने वर्गातल्या चांगोला विचारलं, "तू कुठं राहतोस रं?"

"हाय एका मावशीकडं." चांगोने मान वळवली.

"माझ्यासाठी विचार ना तिला."

"बघू. आता नको."

आपलं बूड टेकलं की दुसऱ्याचं कोण बघतो! कान्हाने मनातल्या मनात शिवी हासडली.

अशात त्याला हिरामणशेठ भेटला. शेठ कर्जतचा भाताचा व्यापारी. खोपोलीच्या बाजारात त्याची जुनी चाळ होती, पण तो फिरकायचा फक्त भाडं घ्यायला.

"तुला खोली देतो," शेठने चहा पाजला, "पण एक म्हातारी दोन खोल्या अडवून बसलीय. हवाबी. नवऱ्याच्या काळातलं भाडं देते, त्यात आज गोठा मिळायचा नाय. पोटभाडेकरू ठेवते असं दिसलं असतं, तर कायद्यानं कधीच बाहेर काढली असती. केस कधीची चालू हाय, आता एकच वाट हाय. घरच्याच माणसाला जागेची गरज हाय, हे कोर्टाला पटलं पायजे. तू माझा भाचा हो. बाकी सगळं खरंच सांगायचंय तुला."

एकट्या म्हातारीला दोन खोल्या, आणि आपल्याला बाक! कान्हाने फार विचार केलाच नाही.

खालापूरच्या कोर्टात तो साक्षीला उभा राहिला. मामाचं खोटं बोलताना जीभ अडखळली, पुढे मात्र तिला धार चढली.

"सायेब, पुस्तकं उशाला घेऊन मी बाकावर झोपतो. या गावात गुरांना गोठा हाय, भाताला कोठार हाय, फकस्त शिकणाऱ्या पोराला जागा नाय. गरिबानं शिकायचंच नाय काय?"

शेठचा वकीलसुद्धा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला.

मग हवाबी उभी राहिली. डोक्यावरची ओढणी सारखी करत ती कान्हाकडे टक लावून बघत होती. शेठच्या वकिलाने विचारलं, "खोल्यांत तुमच्याबरोबर आणखी कोण राहतं?"

तिने कान्हावरची नजर काढून घेतली.

"कोन नाय. मी एकटीच."

कोडगी म्हातारी! कबूल करतानाही लाज नाही, म्हणून कान्हाने दात खाल्ले.

निकाल शेठच्या बाजूने लागला. जागा खाली करायची मुदत दिवाळीच्या तोंडावर संपली. त्या सकाळी कान्हा ट्रंक घेऊन चाळीत पोचला. शेठ आणि बेलीफ खाली चहाच्या टपरीवर थांबले, पण त्याला दम कुठला? जिना चढून त्याने दारावर थाप मारली. मग आणखी जोरात मारली. आजवर तोंडावर लागलेल्या प्रत्येक दाराचा राग त्या थापेत होता.

हवाबीने दार अर्धवट उघडलं. त्याला ओळखून ती बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं.

"हळू, बाबा," ती म्हणाली. "आज पोरांचा शेवटचा पेपर हाय. त्यांना मी अजून काय सांगितलं नाय."

"कुठली पोरं?"

तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं. आत भिंतीशी वळकट्या रचल्या होत्या. कान्हाच्याच कॉलेजची चार-पाच पोरं पुस्तकांत डोकं घालून बसली होती. दारात चांगो उभा होता. ट्रंक घेतलेल्या कान्हाला बघून त्याचा चेहरा खुलला.

"मावशे, केस मिटली की घेऊन ये म्हणाली होतीस ना, तो स्टेशनवर झोपणारा पोरगा हाच."