भिंतीपलीकडचं गाढव

गाढव पडद्यावर आलं, मान उंचावून म्हणालं, “आजारी पडायचं तर रविवारी पडा!” आणि साहेब मांडीवर थाप मारून हसले.

“काय लिहिलंय! आपल्याच गेममध्ये असं रत्न, आणि मला पत्ता नाही?”

खोलीत आणखी दोघं होती. आवाजवाला छताकडे बघत होता. नकाशेवालीने ओठ इतके घट्ट मिटले होते की ते दिसतच नव्हते.

साहेबांना पत्ता कसा असणार? गाढव ज्या गावात होतं, ते गेममधलं अख्खं गाव नकाशेवालीने अकरा महिने खपून उभं केलं होतं आणि साहेबांनी एका बैठकीत, कपातला चहा निवायच्या आत, ते रद्द केलं होतं. पुसून टाका, म्हणाले. पण गेममधलं काही धड पुसता येत नाही. इकडची वीट काढली की तिकडचं छप्पर खाली येतं. साऱ्या गेममधला पाऊस त्या गावच्या विहिरीला जोडलेला. तेव्हा तिने वेशीवर एक भिंत घातली आणि ‘पुसलं’ म्हणून कळवून टाकलं. या धंद्यात सगळे तसंच करतात. गेल्या आठवड्यात कोण्या खटपट्या खेळाडूने गेमच्या फायली उचकटल्या, भिंत ओलांडली, आणि तीन दिवसांत निम्मे खेळाडू गावात.

गावात माणसं बसवायची राहूनच गेली होती. होतं ते एक गाढव. संवाद लिहिणारा येईपर्यंत त्याच्या तोंडी काहीतरी हवं, म्हणून तिने बैठकीच्या वहीतली वाक्यं घातली होती आणि आवाजवाल्याने ती, पडसं झालेलं असताना, म्हटली होती. बैठकीच्या वहीत वाक्यं एकाच माणसाची असत.

त्या माणसाला स्वतःचीच वाक्यं आता ओळखू येत नव्हती.

“बहिणीचं लग्न आहे ना?” गाढव म्हणालं. “मग तुमचं तिथे काय काम?”

साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. हे वाक्य मूळचं आवाजवाल्याला ऐकवलेलं. तो छताचा अभ्यास करत राहिला.

“साहेब,” नकाशेवाली म्हणाली, “अकराला पत्रकार बाई येतायत. त्यांना सांगा, गाव मी केलंय. गेमच्या शेवटी नावं येतात, त्यांतही माझं घाला.”

“अहो, एकाचं घातलं की सगळे मागतात. नाव कंपनीचं.”

“कंपनीने रद्द केलं होतं.”

“रद्द? छे! राखून ठेवलं होतं. सरप्राइज!” साहेबांनी डोळे पुसले. “आणि गाढवाचे संवाद मी स्वतः लिहिले, असं सांगणार आहे. मालक विनोदी असला की लोकांना बरं वाटतं. तुमची काही हरकत?”

तिच्या हातात बैठकीची जुनी वही होती. तिची आता घट्ट गुंडाळी झाली होती, आणि साहेबांचं टक्कल अगदी टप्प्यात होतं.

“माझी कसली हरकत?” ती म्हणाली. “एकूण एक शब्द साहेबांचाच आहे.”

आवाजवाल्याला खोकला लागला.

पत्रकार बाई वेळेवर आल्या. गाव कसं सुचलं, ते साहेबांनी सांगितलं. कसं राखलं, तेही सांगितलं. नकाशेवाली कोपऱ्यात पडद्याच्या कळा दाबायला उभी होती. बाईंशी तिची ओळख करून द्यायची साहेब विसरले.

“आणि गाढवाची ही वाक्यं? कशी सुचतात तुम्हाला?”

“सुचावी लागतच नाहीत हो. तोंडातून आपोआप येतात.”

“खेळाडू म्हणतात, फायलींत नोंद असलेलं एक वाक्य अजून कोणाला ऐकायला मिळालेलं नाही. विहिरीपाशीचं.”

“दाखवा, दाखवा!” साहेबांनी कोपऱ्याकडे न बघताच हात हलवला.

वहीतलं ते वाक्य तिने भिंत घालायच्या दिवशी, आवाजवाल्याचं पडसं गेलेलं नसताना, त्याच्याकडून म्हणवून घातलं होतं. रागाने. कोणी ऐकणार नाही म्हणून. कळेवर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. साहेबांचा हात अजून हवेत हलत होता, माशी हाकलावी तसा. तिने कळ दाबली.

गाढव विहिरीपाशी गेलं, आत डोकावलं, आणि पडसं झालेल्या आवाजात म्हणालं, “अकरा महिने काय गवत उपटत होतात? पुसून टाका हे गाव. आणि शेवटी नावं येतात ना, त्यांत हिचं नाव नको.”

साहेब हसायला लागले होते. ते मध्येच थांबले.

पत्रकार बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

“हिचं म्हणजे कोणाचं?”