परत आलेला कॅमेरा

"लॅपटॉपच्या या मॉडेलचे नवे भाग येत नाहीत, ताई. कुणीतरी परत दिलेल्या मशीनमधला कॅमेरा बसवावा लागेल. खरं सांगू? नकाच बसवू," कंपनीचा मेकॅनिक म्हणाला होता. तिने ते हसण्यावारी नेलं आणि कॅमेरा बसवून घेतला. आईला नातू दिसल्याशी कारण!

संध्याकाळी तिने त्याच लॅपटॉपवरून आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, मागे पाळण्यात कोण रडतंय?" आईने विचारलं.

बाळ तर तिच्या मांडीवर होतं. घरात पाळणाच नव्हता. तिने वळून पाहिलं, तर मागे नुसती भिंत. स्क्रीनवर मात्र तिच्या खांद्यामागे एक निळा पाळणा होता, आणि त्याचा कठडा धरून एक मूल जिवाच्या आकांताने रडत होतं.

"मेकॅनिकनेच काहीतरी करून ठेवलंय," ती म्हणाली.

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," नवरा म्हणाला, पण स्क्रीनकडे पुन्हा बघायला तो तयार होईना.

तिने कंपनीला फोन केला. "हा कॅमेरा कुणाच्या मशीनमधला आहे?"

"तशी नोंद आम्ही ठेवत नाही, मॅडम."

तेव्हापासून ती रोज बघते. मूल दाराकडे हात पसरतं. कुणीच येत नाही.

आज ते रडत नाहीये. पांघरूण त्याच्या तोंडावर आलंय, आणि पांघरूण हलत नाहीये.

तिची तुम्हाला एकच विनवणी आहे. तुम्ही कधी जुना लॅपटॉप कंपनीला परत दिला असेल, तर हे वाचणं इथेच सोडा आणि आधी आत जाऊन बाळाला बघून या.